आठ काढला, पाय टेकला नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीपासून एकच विषय चालू होता: भाच्याला केटीएमची ३९० मोटरसायकल घ्यायची की नाही. भाचा १९ वर्षांचा, कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादा म्हणे, "१२५ घे, नाहीतर पीएमपीच्या बसने जा." वहिनी म्हणे, तुम्ही दोघं काय ते ठरवा आणि मला नंतर रडायला बोलवू नका. आईने आजोबांची सायकल काढली, जी ती दर वादात काढते. मग कुणाला तरी आठवलं की इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत एक आत्या बसली आहे, म्हणजे मी. "तिकडे कसं असतं गं?"

हा प्रश्न मला इतकी वर्षं शाळांपासून कचऱ्याच्या डब्यांपर्यंत सगळ्यावर विचारून झाला आहे. उत्तर कुणाला नकोच असतं, आपापल्या बाजूचा साक्षीदार हवा असतो. म्हणून मी बहुतेक वेळा "इथे पाऊस आहे" एवढंच लिहिते. या खेपेला लिहिलं, कारण माझाही १७ वर्षांचा मुलगा मार्च महिन्यापासून मोटरसायकल चालवतो आहे.

इथली उतरंड अशी. १६व्या वर्षी ५० सीसीची मोपेड, तीही ताशी ४५च्या वर न पळणारी. १७व्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॅट ताकदीपर्यंत. १९व्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंत. त्यावरचं सगळं २४ला, किंवा मधल्या पायरीवर दोन वर्षं काढली असतील तर २१ला. दादाला एवढंच हवं होतं. त्याने तिसऱ्या मिनिटाला लिहिलं, "बघ! तिकडे पोरांना मोठ्या गाड्या देतच नाहीत."

भाच्याचं उत्तर अर्ध्या तासाने आलं. "आत्या, ३९० पस्तीस किलोवॅटच्या आतच आहे. मी १९चा आहे. म्हणजे तुमच्याकडे मला चालली असती."

कार्ट्याचं बरोबर होतं. ग्रुप दिवसभर गप्प. वहिनीने फक्त हात जोडलेली इमोजी टाकली.

पण त्याने एक गोष्ट गाळली, आणि माझ्या मते सगळं पाणी तिथेच मुरतं आहे. इथे १९व्या वर्षी ती गाडी चालवायची तर परीक्षाही त्याच ताकदीच्या वर्गातल्या गाडीवर द्यावी लागते. १२५वर परीक्षा दिलीत तर लायसन्स १२५चं. भाच्याने परीक्षा दिली ती दादाच्या जुन्या स्प्लेंडरवर. आठ काढला, पाय टेकला नाही, पास. शंभर सीसीच्या गाडीवर काढलेल्या त्या एका आठाच्या जोरावर तो उद्या हजार सीसीची गाडी ताम्हिणी घाटात घालू शकतो, आणि कायद्याने त्याला कुणी हटकू शकत नाही. आपल्याकडे मोटरसायकलचं लायसन्स 'विथ गिअर' आणि 'विदाउट गिअर' एवढंच ओळखतं.

गंमत म्हणजे सरकारला सीसी कळत नाही असं मुळीच नाही. गाडी नोंदवायला गेलात की आरटीओ पहिल्यांदा तेच बघते: महाराष्ट्रात ९९ सीसीपर्यंत १० टक्के कर, २९९पर्यंत ११, त्याच्या वर १२. थर्ड पार्टी विम्याचे दर ७५, १५० आणि ३५० सीसीच्या टप्प्यांनी ठरतात. चालवणारा १८चा आहे की ५८चा याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. २०२५च्या सप्टेंबरपासून जीएसटीसुद्धा ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४०. पैसे घ्यायच्या प्रत्येक खिडकीवर सीसी विचारतात. लायसन्स द्यायच्या खिडकीवर विचारत नाहीत.

आणि आपल्याकडे पायरी कधी नव्हतीच असंही नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातच आहे: १६ ते १८ वयाला बिनगिअरची, आणि १९९४च्या दुरुस्तीपासून ५० सीसीपर्यंतची गाडी. मी स्वतः त्याच पायरीवरची. १९९३ साली, अकरावीत, लूनावर. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२मध्ये आणलेली ती लूना आमच्या घरी तिसऱ्या हाताने आली होती. उतारावर चाळीसला पोचली की मडगार्ड, आरसा आणि मी असे तिघंही थरथरायचो. चढावर पॅडल मारायला लागायचं ते वेगळंच. पडले दोनदा. दोन्ही वेळा उठून, ओढणी झटकून, कुणी बघितलं का ते बघून पुढे गेले. त्या वेगाला पडणं परवडायचं.

आज ५० सीसीची पेट्रोल गाडी शोरूममध्ये मागून बघा. पायरी कायद्यात शाबूत आहे, दुकानातून गेली आहे. मग १६ वर्षांची मुलं काय करतात? आईची ११० सीसीची स्कूटर घेऊन क्लासला जातात. संध्याकाळी कुठल्याही क्लासच्या गल्लीत उभं राहावं. किंवा २५० वॉटची इलेक्ट्रिक घेतात, जिचा वेग २५च्या आत म्हणून तिला नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. २०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड ठेवला, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली मोटरसायकलवरचे दोघं गेले, तेव्हा हे कलम जवळपास पाच वर्षं जुनं होतं. त्या आठवड्यात पुण्यात जो तो वयाबद्दल बोलत होता. दादा सांगतो, जूनमध्ये क्लासच्या गल्लीत तेवढ्याच स्कूटर होत्या.

आता माझ्या मुलाची गाडी. त्याने जी सेकंडहँड १२५ ड्यूक घेतली तिचं जन्मगाव चाकण. केटीएमने २०११मध्ये ती युरोपात आणली ती याच ११ किलोवॅटच्या पायरीच्या मापात बसवून, आणि बांधली बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. आपल्याकडे २०१२च्या जानेवारीत आली ती २०० ड्यूक. १२५ यायला २०१८चा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे शिकाऊ पोरांची गाडी आम्ही पुणेकर सात वर्षं बांधून परदेशी धाडत होतो, आणि घरच्या पोरांना सुरुवातच वरच्या मजल्यावरून. आता ब्रिटिश ट्रायम्फची स्पीड ४०० मोटरसायकलसुद्धा चाकणलाच बनते. ट्रायम्फचं मुख्य ठाणं हिंकली माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे.

मुलाच्या प्रशिक्षणाच्या दिवशी मी बरोबर गेले होते. त्याला इथे सीबीटी म्हणतात, १९९०पासून सक्तीचं आहे. सकाळी एका डांबरी मैदानात शंकू मांडलेले, चार पोरं, एक जाड मिश्यांचा प्रशिक्षक. पहिला तासभर गाडी सुरूच केली नाही. हेल्मेटची पट्टी, ब्रेकची तार, चेन, आणि बंद गाडी ढकलत नेणं. मग त्याने सगळ्यांना गाडीवर नुसतं बसवलं आणि खांद्यावरून मागे बघायला लावलं. त्या बघण्याला इथे 'लाइफसेव्हर' म्हणतात. वळायच्या आधी आरसा, मग ही नजर, मग वळणं. वीस-वीस वेळा. माझ्या मुलाची मान दुखायला लागली. मला आठवत होतं की आमच्या लूनाचा आरसा मी आतल्या बाजूला वळवून ठेवला होता, कारण तो बाहेरून जाणाऱ्या रिक्षांना लागायचा. आणि केसही दिसायचे.

दुपारी करकचून ब्रेक मारायची तालीम, आणि मग कानात रेडिओ घालून दोन तास खऱ्या रस्त्यावर. संध्याकाळी हातात एक कागद, मागेपुढे लाल 'एल', मागे कुणाला बसवायचं नाही, मोटरवेवर जायचं नाही.

इथपर्यंत वाचून दादा खूश होईल, म्हणून पुढचंही लिहिते. त्या कागदाची मुदत दोन वर्षं. संपली की पुन्हा एक दिवस मैदानात जायचं, पुन्हा दोन वर्षं. खरी परीक्षा न देता माणूस दहा वर्षं 'एल' लावून फिरू शकतो, आणि जेवण पोचवणारी कितीतरी मुलं तशीच फिरतात, कारण परीक्षा आणि शिकवणी मिळून शेकडो पौंड जातात. दुसरं, ताकद कमी म्हणजे धोका कमी, हे शहरात ठीक. बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्या ए-४५वर मी मुलाच्या मागे गाडी घेऊन गेले होते. त्याची १२५ जीव तोडून पळत होती आणि त्याच्या मागच्या चाकाला नाक लावून एक ट्रक. त्या दोन मैलांत मला कुणी विचारलं असतं तर मीच त्याला ३९० घेऊन दिली असती. तिसरं, हा देश दुचाकीचा नाहीच. रहदारीत दुचाक्या जेमतेम एक टक्का. तरी २०२२मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर जे १,७११ जण गेले त्यांतले ३५० मोटरसायकलवाले. एवढ्या पायऱ्या बांधूनही.

शिवाय सीसी मोजण्याची चूक यांनी आधीच करून झाली आहे. ऑफिसात साठीपुढचा एक सहकारी आहे, तो अजून डोळे मिचकावून सांगतो. १९७१मध्ये १६ वर्षांच्या पोरांवर ५० सीसीची मर्यादा आली. कारखान्यांनी काय केलं? पॅडलवाल्या ५० सीसी काढल्या, ज्या ताशी सत्तर पळायच्या. शेवटी १९७७मध्ये वेगालाच वेसण घालावी लागली. शिकाऊंना २५० सीसी चालायची, तर ताशी शंभर मैलांची २५० बाजारात आली. १९८३मध्ये शिकाऊंना १२५वर आणलं. कायदा सीसी मोजत होता आणि पोरं वेग. म्हणून आता किलोवॅट आणि गाडीच्या वजनाशी त्याचं प्रमाण बघतात. ऑस्ट्रेलियात तर शिकाऊला ६६० सीसीपर्यंत चालते, पण ताकद टनामागे १५० किलोवॅटच्या आत हवी. सीसीवर भरवसा ठेवू नये हे पुणेकराला कुणी सांगायला नको. यामाहाची ती सुसाट आरएक्स १०० जेमतेम अठ्ठ्याण्णव सीसीची होती.

आणि आकडे बघितले तर आपली मुख्य मढी ३९०वाल्यांची नाहीतच. २०२२मध्ये भारतात दुचाकीवरचे ७४,८९७ जण गेले. त्याच वर्षी हेल्मेट नसलेले गेले ५०,०२९. हे पुणेकर म्हणून लिहिताना पेन जड होतं, कारण २०१९च्या जानेवारीत हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा विरोधी कृती समिती उभी करणारं गाव आमचंच, आणि 'हेल्मेटने केस गळतात' म्हणणारे बाबा माझेच. बाबांचे केस तोवर गळून झाले होते.

मग नुसती १२५ची मर्यादा पुण्यात आणावी का? आणली तर फार कुणाचं अडणार नाही. पोट हातावर असलेला आजही शंभर-सव्वाशेचीच गाडी चालवतो. कर्वे रोडला संध्याकाळी ३९० दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. ताकद दिसते ती रविवारी पहाटे, पिरंगुटच्या पुढे. पण आठ तोच राहणार असेल, तर नव्या पायरीने आणखी एक फॉर्म वाढेल आणि तो भरून देणारा एजंट खूश होईल. मला मर्यादेपेक्षा हे हवं आहे की ज्या ताकदीची गाडी हवी तिच्यावर बसून, पन्नासच्या वेगाने येऊन, साहेबांसमोर थांबून दाखवायचं. इथल्या परीक्षेत तेच करतात, वेग मोजून. आठ इथेही आहे, पण तो सुरुवातीच्या किरकोळीत.

हे मी ग्रुपवर लिहिलं. भाच्याचं उत्तर, "आत्या, थांबायला कुणाला येत नाही?"

डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा त्याने मित्राची ३९० मागून आणली. बावधनला एका अर्धवट बांधलेल्या स्कीमचा आतला रस्ता आहे, लांब, सरळ, मोकळा. मी एक वीट ठेवली आणि सांगितलं, पन्नासने ये, वीट दिसली की थांब. हेल्मेट दोघांनी घातलं होतं, मी उगाचच. पहिल्या खेपेला तो विटेच्या कितीतरी पुढे गेला. मला वाटलं ब्रेकच मारला नाही. तो म्हणाला, "मारला गं, पण लिव्हर हातात धडधडायला लागला, मला वाटलं काहीतरी तुटलं, म्हणून सोडला." ते एबीएस होतं, जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. शोरूमच्या कागदावर त्याने ते शंभर वेळा वाचलेलं होतं. स्प्लेंडरला नाही, म्हणून हाताला माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदाही हात सैल झाला. तिसऱ्यांदा त्याने लिव्हर धरून ठेवला आणि मागचं चाक जरा उचलल्यासारखं झालं, मीच ओरडले. चौथ्यांदा विटेपलीकडे दोन पावलांवर उभा. काच वर करून काहीच बोलला नाही, नुसता परत फिरला आणि पाचव्यांदा रस्त्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात वॉचमन आला. "ओ मॅडम, इथं गाडी शिकवायला परवानगी नाहीये."