त्याला काय लागतंय?

फोडणीच्या भाताबद्दल जेवढी खोटी वाक्यं बोलली जातात, त्यात पहिला नंबर ‘त्याला काय लागतंय?’ या वाक्याचा. हे म्हणणारं माणूस कधीही गॅससमोर उभं नसतं. ते दारात तरी असतं, आरशापुढं तरी, नाहीतर पेपराच्या मागं तरी. पुरणपोळी करायची म्हटली की गूळ कुठला, डाळ किती, पुरण वाटायचं कुणी यावर घरात बैठका होतात. फोडणीच्या भाताच्या नशिबी तो मान नाही. रात्रीचा भात उरलाय, घरात असेल ते घाल, परत, वाढ. या ‘घरात असेल ते’मधलं नेमकं काय काय सकाळी सात वाजता घरात नसतं, ते मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

आमच्या घरात नाष्टा माझ्याकडं आहे. बायकोची शाळा सकाळची, आईचे गुडघे दुखतात, मुलगी बी.एस्सी.ला असल्यामुळं तिला फक्त मतं असतात. तेव्हा हे खातं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. मंत्र्याला नको ते खातं मिळालं तर त्याची नाराजी निदान पेपरात छापून येते. इथं बेळगावच्या वडगावात माझी नाराजी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही पोचत नाही.

पहिली अडचण म्हणजे भात उरतो तो असा, की एकाला जास्त आणि दोघांना कमी. खाणारी माणसं चार. “त्यात थोडा ताजा लावून मिसळ की,” असं आई म्हणते. हा सल्ला ज्यानं एकदा ऐकला तो पुन्हा ऐकत नाही. ताजा भात फोडणीत पडला की पाणी सोडतो, शिळ्यालाही बिघडवतो आणि मग कढईत जे होतं त्याला उलथनं लावायचं का डाव, हेच कळत नाही.

शिळा भातच का लागतो, याचं शास्त्रीय कारण मला मुलीनं सांगितलं. शिजताना तांदळातलं पिष्ट फुगून मऊ होतं आणि थंड झालं की त्यातले रेणू पुन्हा एकमेकांना धरून बसतात. म्हणून शीत घट्ट होतं, तेलात सुटं राहतं. फ्रीजच्या थंडीत हे काम जास्त झपाट्यानं होतं म्हणे. हे मात्र मला अनुभवानं माहीत होतं. सकाळी डबा उपडा केला की भात डब्याच्याच आकाराचा, खाली कंपनीच्या शिक्क्याचा ठसा घेऊन, ताटात धप्पकन बसतो. तो चमच्यानं फोडायचा नाही, शितं मोडतात. हाताला तेलाचं बोट लावायचं आणि गुठळ्या एकेक करून सोडवायच्या. जानेवारीत बेळगावात पहाटे ही कामगिरी करून बघा. दहाही बोटं बधिर होतात आणि माडीवर जाणारी माणसं विचारतात, “काय करायलाय, मोदक?”

पण हीच मुलगी डबा उघडायच्या आत उलटतपासणीही घेते. “बाबा, रात्री भात झाल्यावर फ्रीजमध्ये कधी ठेवला?” ‘बॅसिलस सिरियस’ नावाचा एक जंतू असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी एकदा विष केलं की नंतर कितीही परता, ते जात नाही. हे सगळं ती दात घासत घासत सांगते.

“तुझ्या पणजोबांनी जन्मभर शिळं खाल्लं,” आई आतून म्हणते. “तेव्हा फ्रीज होता काय?”

“मग गेले कशानं?”

“बैलानं मारल्यामुळं. भातानं न्हवं.”

यावर शास्त्राकडं उत्तर नाही. तरीपण जेवणं आटोपली की मी आता भात पसरट भांड्यात काढून लगेच गार करून आत ठेवतो. बैल गल्लीत राहिले नाहीत, जंतू आहेत.

पुढचं सगळं तांदळावर. रेशनचा असेल तर मी सुटलो. २०१३ साली कर्नाटक सरकारची फुकट तांदळाची अन्नभाग्य योजना सुरू झाली तेव्हापासून आमच्या गल्लीत रेशनच्या तांदळाला नावं ठेवायची पद्धत आहे, आणि नावं ठेवत ठेवत पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचीही. पण दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला त्याच्याइतका गुणी तांदूळ नाही. शीत न् शीत वेगळं. सोना मसुरीपण सांभाळून घेते. आदल्या रात्री इंद्रायणी शिजली असेल तर मात्र देवाचं नाव घ्यायचं. तिच्या आईबापांत एक आंबेमोहोर आहे, त्यामुळं वास आणि चिकटपणा दोन्ही घराण्यातून आलेलं. ताजी असताना तूप-मेतकुटाबरोबर तिच्यासारखी तीच. शिळी झाली की तिला मोकळं करायच्या फंदात माणसानं पडू नये, सरळ थालीपिठात घालावी.

समजा तांदूळ बरा निघाला. मग येतो मिठाचा प्रश्न. काल भातात मीठ घातलं होतं का? हा प्रश्न विचारताच घरातल्या चारही माणसांची स्मरणशक्ती एकदम जाते. कुकर कुणी लावला इथपासून तपास सुरू होतो. बायको म्हणते, “मी कधीच घालत नाही.” आई म्हणते, “मी कायम घालते.” कुकर दोघींनी मिळून लावलेला असतो. गार शीत चाखून काही कळत नाही, ते सगळ्यांशी सारखंच अळणी वागतं. शेवटी मी बेतानं अर्धं मीठ घालतो आणि मिठाचं भांडं मधोमध ठेवतो, म्हणजे पुढचं पाप ज्याचं त्याच्याकडं.

आता खरा तंटा. आई निपाणीची. तिच्या मते फोडणीच्या भाताला उभा चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण आणि चटणी, एवढंच. चटणी म्हणजे आमची उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली वर्षाची, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. भात लालभडक व्हायला पाहिजे, खाताना नाक पुसायला लागलं पाहिजे, नाहीतर तो आजाऱ्याचा. बायको धारवाडची. घरात बोलणं मराठी, पण नाष्ट्याचे संस्कार तिकडचे. तिला चित्रान्न पाहिजे. पिवळं, लिंबाचं, त्यात हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि कढीपत्ता सढळ. कांदा चालेल, लसूण नाही. माडीवर भाड्यानं राहणाऱ्या काकू खानापूरच्या. त्यांचा आमच्या नाष्ट्याशी काही संबंध नाही, पण जिन्यातून उतरताना त्या रोज एक वाक्य सोडून जातात, “ओलं खोबरं नाही घातलं?”

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेलं. पुढं या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला. त्यानं १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं आणि बेळगाव आहे तिथंच ठेवावं असं सुचवलं. त्या हिशेबानं आमची आई आणि माडीवरच्या काकू एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला आणि कढई वादग्रस्त भागात. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आम्ही आमचा तिथवर नेला नाही, एवढाच काय तो फरक. (साखर घालणारे पुण्याकडचे पाहुणे येतात तेव्हा मात्र आमच्या घरात संपूर्ण एकी होते.)

बरं, हा नुसता हट्टाचा मामला नाही. आईला कवळी आहे. चित्रान्नातली हरभऱ्याची डाळ चांगली जमली तर कुरकुरीत होते, आणि कुरकुरीत झाली की कवळीखाली अडकते. बायकोला लसणानं पित्त होतं आणि पुढं पाच तास पोरांसमोर उभं राहायचं असतं. दोघींची बाजू खरी आहे, म्हणून तर निकाल लागत नाही.

कढीपत्ता आमच्याकडं नाही. झाड शेजारच्या अक्कांच्या परड्यात. घरात असेल ते घाल म्हणणाऱ्यांनी कधी सकाळी बनियनवर दुसऱ्याच्या फाटकाशी उभं राहून बघावं.

“अक्का, स्वल्प करीबेवु कोडरी.”

“तगोरी, तगोरी. नाष्टा आतेनरी?”

“ईग माडाकत्तेनरी.” (थोडा कढीपत्ता द्या; घ्या, घ्या, नाष्टा झाला का; आत्ता करतोय, एवढंच.)

अक्का डहाळी मोडतात. रात्रीच्या पावसाचं पाणी माझ्या मानेवर पडतं. पानांबरोबर एक हिरवी अळीही मिळते, ती त्या टिचकीनं उडवतात आणि वरून विचारतात, “चित्रान्न?” मी “हौद्री”, म्हणजे हो, म्हणतो, कारण तिथं उभं राहून निपाणीची बाजू मांडण्याइतकं माझं कन्नड नाही. “कडीक निंबीहण्ण हिंड्री,” त्या बजावतात. लिंबू शेवटी पिळायचं. बरोबरच आहे, गॅस चालू असताना पिळलं तर भात कडवट होतो. पण हे खिडकीतून आई ऐकते, आणि मी परत येईपर्यंत मी शेजाऱ्यांना फितूर झालेला असतो.

घरात येऊन बघतो तर लिंबू नाही. आहे ते अर्धं, फ्रीजच्या दारात, सुकून लाकूड झालेलं. मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीत जिरं सांडलेलं. शेंगदाणे आहेत, पण एकादशीला भाजून कूट केलेले. उडदाची डाळ सालाची. कोथिंबिरीची जुडी म्हणजे देठ. तेवढ्यात आरशासमोरून आवाज येतो, “अहो, झालं का? किती वेळ? त्याला काय लागतंय?”

मी दुकानात जाऊन येतो. लिंबू, दाणे, डाळ आणि ‘आलाच आहात तर’ म्हणून दुकानदारानं दिलेले पापड. रात्रीचा भात वाया जाऊ नये म्हणून मी जेवढे पैसे घालवतो, तेवढ्यात गणपत गल्लीत चौघांचा नाष्टा चहासकट होतो. हे मी एकदा बोलून दाखवलं होतं. “अन्न टाकायचं नसतं,” असं दोघी एका सुरात म्हणाल्या. त्यांचं एकमत झालेला तो दुर्मीळ प्रसंग, म्हणून मी पुढं वाढवलं नाही.

फोडणीत घाई करून चालत नाही. शेंगतेल तापलं की आधी दाणे, ते लालसर झाले की काढून ठेवायचे, नाहीतर नंतर भाताच्या वाफेत मऊ पडतात. मग मोहरी. ती पूर्ण तडतडेपर्यंत हात आवरायचा. मग डाळी. हरभऱ्याची आधी, उडदाची मागून, कारण उडदाची चटकन जळते. डाळ बदामी झाली की हिंग, मिरची, कढीपत्ता. ओला कढीपत्ता तेलात पडताच तेल उडतं, माझ्या डाव्या मनगटावर त्याची नोंद आहे. हळद अगदी शेवटी आणि लगेच भात, कारण हळद करपायला क्षण पुरतो. भात पडला की कढईचा आवाज एकदम खाली बसतो. मग झाकण ठेवून एक वाफ. इथवर सगळं बायकोच्या पक्षाचं.

तिचा आणि मुलीचा भात काढून घेतला की त्याच कढईत पुन्हा तेल, लसूण, कांदा. कांदा मऊ झाला की चटणी, आणि पाठोपाठ पाण्याचा हबका. हबका चुकला तर चटणी जळते आणि ठसका थेट माडीवर जातो. काकू खोकत खोकत जिन्यावर येतात, हातात अर्धा नारळ. “मला वाटलंच खोबरं नसणार.” आता नारळ दारात आलाय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? दोन्हीकडं थोडं थोडं भुरभुरवतो. आई म्हणते, खोबऱ्यानं तिखट मेलं. बायको म्हणते, माझ्यात लसणाचा वास येतोय. काकू म्हणतात, थोडं जास्त घालायला हवं होतं.

आणि या सगळ्यात एक चमत्कार होतो. एकाला जास्त, दोघांना कमी असलेला तो भात डाळी, दाणे, कांदे, खोबरं यांच्या जोरावर सहा जणांचा झालेला असतो. काकूंना वाटीभर, कढीपत्त्याच्या बदल्यात अक्कांना वाटीभर, तरी कढईत उरतो.

परवा तर बरंच झालं म्हणायचं, धारवाडहून पहिल्या गाडीनं बायकोचे मामा आले. मी हरखलो. मोठी ताटली घेतली, पिवळ्याचा एक ढीग, लालचा एक ढीग, वर कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड आणि भाजलेला पापड. मामांनी ताटलीकडं प्रेमानं बघितलं आणि हात जोडले.

“जावईबापू, डॉक्टरांनी फोडणीचं बंद केलंय. दोन घास साधा पांढरा भात आणि ताक असेल तर बघा. माझ्यासाठी मुद्दाम काही करू नका, त्याला काय लागतंय!”

मी तांदळाचा डबा उघडला. आई गुडघे धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

“आता कुकर लावतोयसच तर एक वाटी जास्तच टाक,” ती म्हणाली. “आणि मीठ घातलंस काय ते लक्षात ठेव.”