वीट मोकळी झाली, सेट नाही: लेगोवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. कधी रीलखाली, कधी शाळेच्या जुन्या ग्रुपवर, कधी थेट खेळणी विकणाऱ्याच्या स्टेटसला. आशय असा: लेगो (एकमेकांत बसणाऱ्या विटांचं ते डॅनिश खेळणं) म्हणजे दोनशे रुपये किलोचं प्लास्टिक, ते पन्नास हजारांना गळ्यात मारतात. पेटंट १९७८ मध्येच संपलंय, त्यामुळे चिनी सेट घेण्यात गैर काही नाही, आणि तो बनतोही त्याच कारखान्यात. मुलं मोबाइलकडे वळल्यावर कंपनीनं डब्यावर १८+ छापलं आणि चाळिशीतल्या काकांना गंडवलं. आणि शेवटी एक कोलांटी: तरीही जुना सीलबंद डबा मिळाला तर सोडू नका, सोन्यापेक्षा जास्त परतावा आहे!

मी त्या चाळिशीतल्या काकांपैकीच एक, त्यामुळे मी तटस्थ आहे असं समजू नका. पण यातले दोन मुद्दे अर्धे खरे आहेत आणि ते मी मान्य करणार आहे. उरलेल्यांचं काय, ते बघू.

आधी किलोचा हिशेब. या न्यायानं शब्दकोश रद्दीच्या भावात विकायला हवा. लेगोची वीट १९६३ पासून एबीएस प्लास्टिकची बनते आणि ते प्लास्टिक महाग नाही, हे खरं. पैसा जातो साच्यांत. प्रत्येक वेगळ्या आकाराला वेगळा साचा लागतो, आणि तो झिजला की बाद. २००३-०४ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती तेव्हा तिच्या दुखण्यांतलं एक हेच होतं: वेगवेगळ्या भागांची संख्या बारा हजारांच्या पुढे गेली होती. २००४ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प यांनी जी काटछाट केली, तिच्यात हे भाग जवळपास निम्म्यावर आणले गेले. प्लास्टिकच्या भावानं कोणी दिवाळखोरीच्या दारात जात नाही.

याच मुद्द्याचा थोडा शहाणा अवतार म्हणजे ‘पर पीस’ हिशेब. डब्यावरची किंमत भागिले तुकडे. आमच्यातलेही कित्येक जण हा हिशेब करतात. आता तीन डबे घ्या, अमेरिकेतल्या मूळ किमतींसह. २०२१ चा जगाचा नकाशा: ११,६९५ तुकडे, २५० डॉलर. म्हणजे तुकडा साधारण दोन सेंटला. २००८ चा ताजमहाल: ५,९२२ तुकडे, ३०० डॉलर. तुकडा पाच सेंटला. २०१७ चं मिलेनियम फाल्कन: ७,५४१ तुकडे, ८०० डॉलर. तुकडा साडेदहा सेंटला. कंपनी तीच, प्लास्टिक तेच, आणि फरक पाचपट. कारण नकाशातले बहुतेक तुकडे म्हणजे विटेवरच्या एका गुंडीएवढ्या गोल टिकल्या, तर फाल्कनमध्ये तळव्याएवढ्या प्लेट्स आणि वर स्टार वॉर्सच्या लायसन्सचे पैसे. पीस काउंट मोठा दिसावा म्हणून बारीक तुकडे भरण्याची युक्ती आता सगळेच करतात, लेगोही. तुकड्यांची संख्या बघून महाग-स्वस्त ठरवणारा माणूस नकाशा घेऊन खूश होईल आणि तिसऱ्या दिवशी टिकल्या चिकटवून कंटाळेल.

आता फॉरवर्डचं जे खरं आहे ते. २०२४ मध्ये लेगोची विक्री ७४.३ अब्ज डॅनिश क्रोनर होती आणि त्यावर कामकाजातला नफा १८.७ अब्ज. म्हणजे शंभराच्या विक्रीत पंचवीस कंपनीचे. खर्च भागत नाही म्हणून दर वाढवले, असं या कंपनीनं सांगू नये. भरमसाट किमतीच्या सेटमध्ये छापील तुकड्यांऐवजी स्टिकरचा कागद देणं तर निव्वळ कद्रूपणा आहे. ‘किंमत जास्त आहे’ एवढंच म्हटलं असतं तर माझी ना नव्हती.

पण मग भारतातली किंमत सांगताना कराचंही बोला. आयात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. वर जीएसटी. गेल्या काही वर्षांत आपण अमेरिकेतल्या किमतीशी ताडून ‘लूट’ म्हणत होतो, तेव्हा त्यातला मोठा घास बिलुंडला, म्हणजे लेगोच्या डेन्मार्कमधल्या मुख्यालयाला नव्हे, दिल्लीला जात होता. तो धोरण म्हणून बरोबर की चूक हा वेगळा वाद; पण त्याचं खापर लेगो सुरू करणाऱ्या डॅनिश सुताराच्या वंशजांवर फोडता येत नाही.

आता पेटंट. हा मुद्दा सगळ्यात जास्त फिरतो आणि सगळ्यात जास्त घोळही यातच आहे.

वर गुंड्या, आत नळ्या या जोडणीसाठी लेगोच्या संस्थापकाचे चिरंजीव गॉटफ्रेड कर्क क्रिस्टियान्सन यांनी २८ जानेवारी १९५८ ला डेन्मार्कमध्ये पेटंटचा अर्ज केला. त्या पेटंटची मुदत संपली आहे, अगदी खरं. देशोदेशी तारखा वेगळ्या. कॅनडात शेवटचं पेटंट १९८८ मध्ये संपलं. त्यानंतर कंपनीनं मागच्या दारानं मक्तेदारी टिकवण्याचे बरेच उद्योग केले. जुनी रेखाचित्रं थोडी बदलून त्यांवर नव्यानं कॉपीराइट मागितला. १९८८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो टायको या प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्धच्या खटल्यात फेटाळला. विटेचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क, असं म्हणून पाहिलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये मेगा ब्लॉक्स या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं निकाल दिला. युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये तेच सांगितलं: जो आकार तांत्रिक कामासाठी आहे, तो ट्रेडमार्क करून कायमचा अडवून ठेवता येत नाही.

आणि हे योग्यच झालं. कारण ही वीट लेगोनं शून्यातून काढलेली नाही. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांची किडीक्राफ्ट कंपनी आधीच गुंड्यांच्या विटा विकत होती. लेगोनं १९४९ मध्ये बाजारात आणलेली पहिली प्लास्टिकची वीट तिच्यावरूनच बेतलेली होती, थोडे कोपरे आणि मापं बदलून. पेज १९५७ मध्ये वारले. लेगोनं किडीक्राफ्टच्या त्या विटांचे हक्क विकत घेतले ते १९८१ मध्ये. हे सांगितलं की माझे काही लेगोवेडे मित्र तोंड फिरवतात. नळ्यांची सुधारणा लेगोची स्वतःची आणि ती फार मोठी, कारण तिच्यामुळेच वीट धरून राहू लागली. पण म्हणून पाया विसरता येत नाही.

आपल्याकडेही हे काही नवं नाही. आमच्या पिढीनं मेकॅनिक्सचे डबे खेळले: भोकांच्या पट्ट्या, नट, बोल्ट, तो छोटा पाना. ती सगळी पद्धत लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनोची, १९०१ च्या पेटंटची. मुदत संपली, पद्धत सगळ्यांची झाली. मेकॅनिक्सला कोणी चोर म्हटलं नाही, म्हणायचं कारणही नव्हतं.

तर वीट मोकळी आहे. इथून फॉरवर्ड उडी मारतं: म्हणून ‘फर्स्ट कॉपी’ही चालते. नाही चालत. पोलंडची कोबी कंपनी लेगोला बसणाऱ्या विटा बनवते आणि त्यांतून स्वतःचे रणगाडे, स्वतःची विमानं रचते. पेटंट संपलं म्हणून जे करता येतं ते हे. चीनची लेपिन करत होती ते वेगळंच. लेगोच्या माणसांनी रचलेला सेट तुकड्याला तुकडा उचलायचा, सूचनांची पुस्तिका उचलायची, डब्यावरचं चित्रही उचलायचं आणि नावाचा शिक्का लांबून लेगोसारखा दिसेल असा मारायचा. यात पेटंटचा संबंधच नाही. हा कॉपीराइटचा मामला आहे, आणि तो चीनच्याच न्यायालयात चालला. एप्रिल २०१९ मध्ये धाडी पडल्या; सप्टेंबर २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयानं सूत्रधाराला सहा वर्षं कैद आणि नऊ कोटी युआन दंड सुनावला. ‘चीनमध्ये सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. मिनिफिगचं, म्हणजे लेगोच्या छोट्या बाहुल्याचंही तसंच: त्या पिवळ्या माणसाच्या आकाराचा ट्रेडमार्क युरोपात २०१५ मध्ये कायम राहिला. म्हणून इतर कंपन्यांचे बाहुले जरा वेगळे, बऱ्याचदा भयाण दिसतात.

मला यात कंपनीपेक्षा दुसऱ्याच कोणाचं तरी वाईट वाटतं. एमओसी, म्हणजे हौशी माणसानं स्वतः रचलेलं मॉडेल. कोणी महिनोन्‌महिने रात्री जागून एखादं जहाज रचतो, त्याची पीडीएफ पाच-दहा डॉलरला विकतो. लेपिननं आणि नंतर नावं बदलून आलेल्यांनी अशीही मॉडेल्स उचलून डब्यात भरली. त्या माणसाला छदामही मिळाला नाही. लेगो आयडियाज या कंपनीच्या योजनेत तुमची रचना दहा हजार पाठिंबे मिळवून निवडली गेली तर विक्रीचा एक टक्का मिळतो. एक टक्का म्हणजे काही फार नाही, मी तरी त्याला उदारपणा म्हणणार नाही. पण शून्यापेक्षा जास्त आहे.

आणखी एक गोष्ट आई-वडिलांसाठी. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. गल्लीतल्या दुकानात ‘साहेब, सेम टू सेम, डबा नाही फक्त’ म्हणून जी पिशवी हातात देतात, तिच्यावर तो कुठे आहे ते शोधा. पेटंट संपलं की कायदा संपला असं नसतं.

‘तोच कारखाना, तेच साचे’ हे झटक्यात निकालात निघतं. लेगोचा चीनमधला कारखाना जियाशिंगला आहे, तिचा स्वतःचा. लेपिनचा माल दक्षिणेकडच्या शांतौ भागातला. लेगोनं २००५ नंतर काही काळ उत्पादन बाहेरच्या कंपनीकडे दिलं होतं, पण ते जमलं नाही आणि काही वर्षांतच परत घरात घेतलं.

साच्याचं मात्र थोडं जवळून बघण्यासारखं आहे. दोन गुंड्यांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, गुंडीचा व्यास ४.८. तुकडे एकमेकांना धरतात ते केवळ किंचित दाबामुळे. आम्ही त्याला क्लच म्हणतो. एका तुकड्यात एक शतांश मिलिमीटरची चूक दिसणारही नाही. पण असे पन्नास तुकडे एका ओळीत लावले की ती अर्धा मिलिमीटर होते, आणि शेवटची भिंत बसत नाही किंवा बसवताना मधली उचलली जाते. स्वस्त सेटमध्ये पहिल्या दहा पायऱ्या मजेत जातात आणि दोनशेव्या पायरीला माणूस शिव्या घालतो, तो यामुळे. तरी ‘लेगो म्हणजे निर्दोष’ हेही खोटं. तिच्या एका काळातल्या तपकिरी आणि गडद लाल विटा काढता काढता तडकतात, हे ज्यांच्या घरी जुना साठा आहे त्या सगळ्यांना माहीत आहे. आणि आज काही चिनी कारखान्यांच्या विटा, गोब्रिक्सच्या उदाहरणार्थ, क्लचमध्ये लेगोच्या अगदी जवळ आल्या आहेत. त्या विटांत स्वतःची रचना विकणाऱ्याचा डबा मी बिनदिक्कत घेईन.

आता काका. १८+ ची काळी खोकी आली २०२० मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १९९४ मध्येच, इंटरनेटवर मोठ्या माणसांचे लेगोचे गट होते. १९९८ मध्ये माइंडस्टॉर्म्स या लेगोच्या रोबॉट संचाचा संगणकी ठोकळा आला तेव्हा मोठ्यांनीच तो उघडून आतली भाषा शोधून काढली, आणि कंपनीनं खटले भरण्याऐवजी ते चालू दिलं. २००० मध्ये संग्राहकांसाठीचे मोठे स्टार वॉर्स सेट सुरू झाले. थोडक्यात, गिऱ्हाईक आधी होतं, लेबल मागून आलं. आणि ‘हे मुलांचं खेळणं’ म्हणणाऱ्यांसाठी: १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी डिफरेन्शियल अ‍ॅनालायझर, म्हणजे समीकरणं सोडवणारं यंत्र, मेकॅनोच्या पट्ट्यांतून उभं केलं होतं. खर्च वीस पौंडांच्या आसपास.

मार्केटिंग नाही असं नाही. ‘रिटायर होतोय’ (म्हणजे सेट बंद होतोय), ‘अमुक रकमेच्या खरेदीवर हा छोटा सेट फुकट’, ‘फक्त या आठवड्यात’ ही सगळी घाई लावण्याची तंत्रं आहेत आणि ती आमच्यावर चालतात. २०२१ पासूनचे फुलांचे गुच्छ तर कधी वीट हातात न धरलेल्या लोकांसाठीच काढले. पण घाईला बळी पडणं म्हणजे मूर्ख असणं नव्हे. पैठणीच्या सेलला गर्दी करणाऱ्यांना कोणी ‘गंडवलेले’ म्हणत नाही.

उरलं सोनं. या दाव्याला एक अभ्यास कारण आहे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ मधले दोन हजारांहून जास्त सेट तपासले आणि जुन्या बाजारात त्यांच्या किमती वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं दाखवलं. फॉरवर्ड इथे थांबतं. त्याच अभ्यासात हेही आहे की काही सेट निम्म्या भावावर आले आणि काही कित्येक पटींनी वाढले. सरासरी या दोघांची. डबा वर्षानुवर्षं कोरडा, न चेपलेला ठेवायचा, तेही कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात, याचा खर्च त्यात कुठून येणार?

आणि ताजमहाल आठवा. २००८ चा तो सेट बंद झाला तशी सीलबंद डब्याची किंमत मूळच्या कित्येक पट चढली. लोक तो कपाटात ठेवून वाट बघत होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनं तोच सेट, एक तुकडा जास्त घालून, ३७० डॉलरला पुन्हा बाजारात आणला. जुन्या डब्यांचा भाव कोसळला. सोन्याच्या खाणीचा मालक असं करू शकत नाही. लेगो कधीही करू शकते, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. वर आपल्याकडे सीलबंद जुना डबा घेणारे शोधावे लागतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याकडे असा एखादा असेल तर त्यानं आधी तो विकून दाखवावा, आणि कुरिअरचे पैसे वजा करून उरलेला आकडा ग्रुपवर टाकावा.