घरपट्टी थांबवली की आधी कोणाचे पैसे बुडतात?

“केंद्राचे कोट्यवधी रुपये थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतात. त्यामुळे घरपट्टी-पाणीपट्टी मागणे बेकायदेशीर आहे. गरिबांना तर ती माफच आहे. नळयोजनेचा खर्च सरकार करते. दाखला अडवला तर सरपंचावर गुन्हा नोंदवा. गरिबांसाठीचा पैसा वरून येतो, तुमच्या पट्टीतून नाही. एक रुपयाही भरू नका!” असा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. आत्याने तो मला पाठवला आणि विचारलं, “यंदाची पट्टी भरायची थांबू का?” थांबू नकोस. का, ते सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या भल्याच्या नावाने हा मेसेज फिरतोय, सगळ्यात आधी नुकसान त्यांचंच होणार आहे.

म्हणून “गरिबांसाठीचा पैसा वरून येतो” या वाक्यापासूनच सुरुवात करतो. घरकुल, रेशन, निराधार योजनेचं मानधन हे वरून येतं, खरं आहे. पण महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं. त्यातला बहुतेक गावांतला मोठा हिस्सा घरपट्टीचाच.

आता हिशोब करा. समजा एका गावाचं स्वउत्पन्न ८ लाख व्हायला हवं. सगळं वसूल झालं तर मागासवर्गीयांसाठी १,२०,०००, महिला-बालकांसाठी ८०,००० आणि दिव्यांगांसाठी ४०,००० रुपये निघतात, एकूण २ लाख ४० हजार. मेसेज वाचून लोकांनी हात आखडता घेतला आणि ३ लाखच जमले, तर हेच आकडे ४५,०००, ३०,००० आणि १५,००० होतात. दीड लाख रुपये गेले. वस्तीतल्या गटाराचे, अंगणवाडीतल्या साहित्याचे, एखाद्याच्या तीनचाकी सायकलीचे गेले. ही रक्कम दुसऱ्या कोणत्याही खात्यातून आपोआप भरून निघत नाही, कारण टक्केवारी जमा झालेल्या उत्पन्नावरच काढतात. ज्याचा दुमजली बंगला आहे त्याची थकबाकी मोठी, म्हणजे या निधीला पडलेलं भोकही त्याचंच मोठं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा.

आता ते “कोट्यवधी रुपये”. केंद्राचा निधी राज्यांना आणि स्थानिक संस्थांना कसा वाटायचा हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण २०११ च्या जनगणनेतल्या सुमारे ८३ कोटी ग्रामीण लोकसंख्येने भागा. माणशी वर्षाला साधारण ५७० रुपये येतात. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, उरलेले पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. म्हणजे माणशी साडेचारशेच्या आसपास. दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षाला नऊ लाखांच्या घरात. राज्याचा वाटा आणि गावाची लोकसंख्या-क्षेत्रफळ यांप्रमाणे हा आकडा खाली-वर होईल, पण कोटी होणार नाही.

आणि हे नऊ लाखही मोकळे नसतात. पंधराव्या आयोगाच्या अटींनुसार ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. उरलेली ४० टक्के अबंधित, पण त्याच आयोगाच्या अटीनुसार तिच्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. या एका अटीने मेसेजचा पाया निघून जातो. सफाई कर्मचारी, पाणी सोडणारा, शिपाई यांच्या पगारातला ग्रामपंचायतीचा वाटा मग कुठून द्यायचा? स्वनिधीतूनच. या कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातला शासनाचा हिस्सासुद्धा करवसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेला, आणि कामगार संघटना त्या अटीविरुद्ध भांडत आल्या आहेत. पट्टी अडली की गावातल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाचा पगार अडतो.

“बेकायदेशीर” या शब्दावर फार वेळ घालवत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ ज आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम १२४ यांनी इमारती व जमिनींवर कर बसवायचा अधिकार दिला आहे. कलम १२९ मध्ये वसुलीची पद्धत आहे: आधी बिल, मग मागणीची नोटीस, तरीही न भरल्यास जंगम मालमत्तेची जप्ती. कलम १४ नुसार रीतसर बिल मिळूनही तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पुढच्या निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या पोरांनी मेसेज पुढे पाठवण्याआधी ते कलम वाचावं.

गरिबांना माफी? उत्पन्न कमी म्हणून सरसकट घरपट्टी माफ, अशी तरतूद नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना मालमत्ता कराची सवलत आहे. तिचं या मेसेजने सगळ्या गरिबांना माफी असं करून टाकलं. घर कच्चं, जुनं असेल तर कर मुळातच कमी बसतो. जमिनीचा आणि बांधकामाचा वार्षिक मूल्यदर (शासनाचा रेडीरेकनर दर), बांधकामाचा प्रकार, घसारा आणि वापराचा भारांक (घर की दुकान यानुसार लागणारा गुणक) यांवरून भांडवली मूल्य काढून आकारणी होते. अन्याय बहुतेक वेळा इथेच होतो. मातीच्या घराची नोंद पक्क्या घराची राहते, पडलेली खोली नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, उभीच असते, रिकाम्या गाळ्याला दुकानाचा भारांक लागतो. यावर उपाय म्हणजे नमुना ८ चा उतारा काढा, मोजमाप आणि वापर पडताळा, चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

पाणीपट्टीचं वेगळं सांगायला हवं. जल जीवन मिशनमधून टाकी आणि पाइप आले. वीजबिल, ब्लीचिंग पावडर, व्हॉल्व्हची दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार हे गावाने भागवायचं आहे. पट्टी थकली की वीजबिल थकतं, वीज तुटते किंवा जळालेली मोटर महिनाभर दुरुस्त होत नाही. ज्याच्याकडे स्वतःची बोअर आहे त्याला फरक पडत नाही. वस्तीतल्या बायका हंडा घेऊन विहिरीवर जातात. वीजबिलं वित्त आयोगाच्या निधीतून भरायला शासनाने मुभा दिली, हे खरं. पण मग तेवढीच नवी कामं कमी होतात.

दाखल्यांबाबत मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे, नाइलाजाने का होईना कबूल करावं लागेल. जन्म-मृत्यूची नोंद आणि तिचा दाखला हा कायद्याचा हक्क आहे, तो पट्टीशी बांधता येत नाही, आणि काही ठिकाणी तो सर्रास अडवला जातो. तसं झालं तर लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा. पण त्यावरून कर भरू नका, हा निष्कर्ष निघत नाही.

सरपंच-ग्रामसेवकांवरचा संशय मी खोडत नाही. संशय असेल तर पुढच्या ग्रामसभेत हे मागा: नमुना ९ (कर मागणी नोंदवही) मधली एकूण मागणी आणि प्रत्यक्ष वसुली, तुमची कर भरल्याची नमुना १० ची पावती रोकडवहीत कोणत्या तारखेला चढली ते, आणि १५, १० व ५ टक्क्यांचा खर्च बाबवार. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने केलेली साहित्य खरेदी दिसली तर बिल, साठा नोंद आणि लाभार्थ्यांच्या सह्या पाहा. वित्त आयोगाचा खर्च ईग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून घरबसल्या दिसतो. तो ग्रामसभेत सांगितलेल्या कामांशी जुळवा. १५, १० व ५ टक्क्यांच्या निधीतला मागच्या वर्षांतला न खर्चलेला अनुशेष किती, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.