विमानावर ‘एक्स’ ठोका, खर्चाची चिंता सोडा

जुनं सेसना १५० विमान घेतलंत, अभिनंदन! दोन सीट, कॉन्टिनेन्टलचं शंभर अश्वशक्तीचं इंजिन, आणि या मॉडेलचं उत्पादन १९७७ सालीच बंद. किंमत एखाद्या बऱ्या मोटारीएवढी, म्हणून तर घेतलंत. मग पहिली वार्षिक तपासणी झाली आणि एएमईने, म्हणजे विमान दुरुस्तीचा परवाना असलेल्या त्या शांत माणसाने, बिल हातात ठेवलं. तेव्हापासून तुमची फक्त झोप उडते आहे, विमान हँगरातच आहे.

पण तुम्ही कॅनडात राहता, हे तुमचं नशीब. ट्रान्सपोर्ट कॅनडाने, म्हणजे तिथल्या सरकारी वाहतूक खात्याने, ‘ओनर मेंटेनन्स’ (मालकानेच देखभाल करायची) नावाचा एक वर्ग करून ठेवला आहे. लहान, जुनं, एका पिस्टन इंजिनाचं आणि खाजगी वापराचं विमान त्यांच्या यादीत बसलं, की अर्ज करायचा, नेहमीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र सोडायचं आणि ‘विशेष’ प्रमाणपत्र घ्यायचं. ‘विशेष’ हा शब्द पाहुण्यांना सांगायलाही बरा. यापुढे दुरुस्ती तुमची, तपासणी तुमची आणि लॉगबुकात ‘सर्व ठीक’ म्हणून सहीही तुमचीच. पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच असला की निकाल शंभर टक्के लागतो.

आता कोणी शहाणा म्हणेल की ऑइल बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं असली किरकोळ कामं खाजगी मालकाला आधीही करता येत होतीच. होती ना! पण तुम्ही ती तरी कधी केली होतीत? मुभा आणि हौस या निराळ्या गोष्टी आहेत. आता मुभा वाढली, तर हौसही वाढेल असं धरून चालू.

खरी बचत सुट्या भागांत. आजवर प्रत्येक नटामागे एक प्रमाणपत्र यायचं आणि पैसे नटाचे कमी, कागदाचे जास्त असायचे. ही तक्रार खरी आहे, मीही तुमच्याच बाजूने आहे. आता कागदाची सक्ती गेली. मोटारीच्या दुकानात जा, अल्टरनेटर हातात घेऊन वजन करून बघा, ‘हा तर तोच दिसतोय’ असं स्वतःशी म्हणा आणि घेऊन या. दिसण्यावर जायचं नसतं हा उपदेश लग्न जमवणाऱ्यांसाठी आहे.

त्याहून मोठी चैन म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, ज्याला हँगरात सगळे ‘एडी’ म्हणतात. एखाद्या प्रकारच्या विमानात धोकादायक दोष सापडला की सरकार एडी काढतं आणि मालकाला तो पाळावाच लागतो. तुमच्या नव्या वर्गाला ही सक्ती नाही. उदाहरणार्थ, सेसनाच्या सीटच्या रुळांबद्दलचा एडी घ्या. रुळातली भोकं झिजतात, खिट्टी नीट बसत नाही, आणि टेकऑफला नाक वर झालं की सीट वैमानिकासकट मागे घसरते. घसरणारा माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. हातात असतो कंट्रोलचा योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग. तो मागे ओढला गेला की नाक आणखी वर जातं, वेग पडतो, आणि खाली धावपट्टी संपत आलेली असते. यात माणसं गेली, म्हणून भोकं मोजायची, खिट्ट्या तपासायच्या असा हुकूम निघाला. पण तुम्ही आता मोकळे आहात. मोजायची तर मोजा, नाहीतर रविवार आहे, जेवून जरा पडा.

या वर्गात काही विचित्र लोकही भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ज्यांच्या विमानाचे भाग आता कोणी बनवतच नाही, असे हे म्हातारे. लागू नसलेले एडीसुद्धा छापून फाइलला लावतात, वाचलेले पैसे टॉर्क रेंचवर घालवतात, आणि कंट्रोलच्या केबलला हात लावला की पैसे देऊन एएमईला बोलावतात, का तर म्हणे दुसरी नजर हवी. अशाने बचत कशी व्हायची?

वर्ग बदलताना एक छोटासा विधी आहे. विमान, इंजिन आणि प्रोपेलर यांच्या पाट्यांवर मॉडेल आणि क्रमांकापुढे ‘एक्स’ हे अक्षर कायमचं ठोकायचं. कायमचं म्हणजे कायमचंच. पुन्हा जुन्या वर्गात जायचं तर जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने सिद्ध करून दाखवावा लागतो, आणि त्या खर्चात दुसरं सेसना येईल. शिवाय आत एक सूचना लावायची, की हे विमान आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या मानकांत बसत नाही. पुण्याहून सासूबाई आल्या आणि त्यांना ओन्टारिओ सरोवर वरून दाखवायचं असेल, तर त्यांचा चष्मा घरीच राहू द्या.

आणि हो, अमेरिकेत जायचं नाही. त्यांची एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक खातं, या वर्गाला आपल्या आकाशात शिरू देत नाही. विंडसरहून कॅनडातल्याच सू सेंट मेरीला सरळ रेषेत जाल तर मधे मिशिगन येतं, तेव्हा वळसा घाला, इंधन तेवढंच जास्त. जुलैत विस्कॉन्सिनला ऑश्कॉशमध्ये विमानांची मोठी जत्रा भरते, तिथे मोटारीने जा. तिथे तुम्हाला कॅनडाचाच एखादा गृहस्थ भेटेल, ज्याने गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने विमान जोडलं आणि ते परवानगीने उडवत आणलं. घरी बनवलेलं चालतं, कारखान्यात बनून तुमच्या हाती पडलेलं चालत नाही. वाईट वाटून घेऊ नका.

एक दिवस विकायची वेळ येईल. जाहिरातीत ‘मालकाने जातीने लक्ष दिलेलं’ असं घाला. गिऱ्हाईक पाटीवरचा एक्स बघून किंमत पाडून मागेल. मग लॉगबुक उघडून, पान उलटत, या सगळ्या सह्या कोणाच्या म्हणून विचारेल. ताठ मानेने सांगा, माझ्याच.