सेन्सर बदलण्याआधी तो मोजा: ऑटो एसीबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

बेळगावपासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. गिऱ्हाईक बोनेट उघडायच्या आधी मोबाईल पुढे करतं. मेसेजचं सांगणं थोडक्यात असं: ऑटो एसीच्या (ठरवलेलं तापमान स्वतःच राखणाऱ्या एसीच्या) गाडीत डिस्प्लेवर तापमान चुकीचं दिसलं की सेन्सर गेला समजा. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ज्या सेन्सरचं नाव येईल तो बदलून टाका. गाडी नीट गार होत नसेल तर सगळ्यात आधी गॅस भरा. आणि कुलिंग कॉइलचा, म्हणजे डॅशबोर्डमागे हवा गार करणाऱ्या जाळीचा, सेन्सर गेला असेल तर खर्च करू नका, त्या जागी एक रेझिस्टर जोडा, गाडी चालते.

गाड्यांची वायरिंग आणि एसी हेच माझं वीस वर्षांचं काम. या चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि चौथी तर कॉम्प्रेसरच्या मुळावर येणारी आहे. म्हणून एकेक घेतो.

पहिली, डिस्प्लेवरच्या तापमानाची. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या जाळीमागे, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या पुढ्यात असतो. काही गाड्यांत तो बाजूच्या आरशाखाली असतो. टिळकवाडीत रेल्वे गेट बंद असलं, मे महिन्यातली दुपार असली, की खालचं डांबर तापलेलं आणि मागे कंडेन्सर-रेडिएटरची धग. अशा वेळी सेन्सरने ४५ दाखवलं तर तो खोटं बोलत नाही, त्याच्याभोवतीची हवाच तेवढी तापलेली असते. हे गाडी बनवणाऱ्यांनाही माहीत असतं. म्हणून कित्येक गाड्यांत इंजिन गरम असताना किंवा गाडी रांगत असताना एसीचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा छोटा कॉम्प्युटर, आकडा वर चढू देत नाही, जुनाच धरून ठेवतो. मग लोक म्हणतात, आकडा अडकलाय. पहाटे, रात्रभर उभी असलेली गाडी काढा, हायवेवर ४०-५० च्या वेगाने दहा मिनिटं चालवा आणि मग आकडा बघा. तेव्हाही चुकत असेल तर पुढची तपासणी.

दुसरी गोष्ट, स्कॅनरची. इथे जरा थांबावं लागेल, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

एक तर साधा ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचे, म्हणजे पी-अक्षराचे कोड वाचतो. क्लायमेट कंट्रोलचे, म्हणजे ऑटो एसीचे, कोड बी-अक्षराचे असतात आणि त्यांना बऱ्याचदा त्या कंपनीच्या गाड्या ओळखणारा स्कॅनर लागतो. उदाहरणार्थ टोयोटाच्या गाड्यांत बी१४११ म्हणजे केबिनचा सेन्सर, बी१४१२ बाहेरचा, बी१४१३ कुलिंग कॉइलचा, बी१४२१ उन्हाचा. पण कोडच्या वर्णनात 'सर्किट' हा शब्द असतो तो नीट वाचा. सर्किट म्हणजे सेन्सर, दोन तारा, कपलर (तारा जोडणारा प्लग) आणि कंट्रोलर, हे सगळं मिळून. कोड बोट दाखवतो ते त्या अख्ख्या गल्लीकडे, एका घराकडे नाही. उन्हाच्या सेन्सरचं तर आणखी वेगळं: गाडी अंधाऱ्या शेडमध्ये तपासली तर काही गाड्यांत काही बिघाड नसतानाही त्याचा कोड येतो. गाडी उन्हात काढा, कोड जातो.

गेल्या पावसाळ्यात खानापूरचा एक टॅक्सीवाला पोरगा आला. गोव्याची भाडी मारतो, चोर्ला घाटातून रोजचं येणं-जाणं. म्हणाला, "मामा, घाटात काच धुरकटते, एसी लागतच नाही, एका हाताने काच पुसत गाडी चालवतोय." दुसऱ्या एका ठिकाणी बाहेरचा सेन्सर दोनदा बदलून झाला होता, आणि आता डॅशबोर्डवरचं कंट्रोल पॅनेलच बदलायला सांगितलं होतं. स्कॅनरवर बाहेरचं तापमान बघितलं: उणे ४०. कणकुंबीच्या पावसात उणे ४०! पण कंट्रोलरला ते खरं वाटतं. बाहेर एवढी थंडी म्हटल्यावर कित्येक गाड्या कॉम्प्रेसर सुरूच करत नाहीत, आणि कॉम्प्रेसर नाही म्हणजे काचेवर कोरडी हवा नाही.

उणे ४० का, ते समजून घ्या, म्हणजे अर्धी तपासणी घरी होते. हे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्यांचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, थंडी वाढली की वाढतो. तार तुटली की रेझिस्टन्स अमर्याद, म्हणजे कंट्रोलरच्या हिशेबाने कडाक्याची थंडी. दोन तारा एकमेकींना चिकटल्या की उलट, भट्टीसारखी उष्णता. म्हणून दोन तारांच्या सेन्सरचा कपलर काढून स्कॅनरवर आकडा बघायचा, मग कपलरच्या दोन पिना क्षणभर तारेने जोडून पुन्हा बघायचा. आकडा एकदा पार खाली आणि एकदा पार वर गेला तर तारा आणि कंट्रोलर ठीक, संशय सेन्सरवर. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर घालून काहीच होणार नाही. उन्हाच्या सेन्सरला किंवा तीन तारांच्या सेन्सरला मात्र ही पद्धत लावू नका.

त्या पोराच्या गाडीत पिना जोडल्यावरही आकडा उणे ४० च राहिला. बंपरची खालची पट्टी काढली. कपलरमध्ये हिरवट पूड साचलेली, आणि चार बोटं मागे एक तार बाहेरून धडधाकट. ती दोन बोटांत धरून हळूच ओढली तर रबरासारखी ताणली गेली. आतलं तांबं कुजून तुटलेलं, वरचं प्लास्टिक तेवढं शिल्लक. चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापली, नवा तुकडा डाग देऊन जोडला, वर गोंदवाली हीटश्रिंक नळी चढवली. कपलर नवा. काढून टाकलेला पहिला सेन्सर त्याच्या डिकीतच होता. बर्फाच्या पाण्यात बुडवून मोजला तर अगदी बरोबर.

ही मोजणी मल्टिमीटरवर कोणालाही जमते. २५ अंशांना १० किलो-ओहम देणारा सेन्सर असेल तर बर्फाच्या पाण्यात साधारण ३० ते ३३ किलो-ओहम आणि ३५ अंशांना साडेसहा-सात यायला हवेत. सगळ्या गाड्यांत १० चाच असतो असं नाही, काहींत दोनच्याही खाली असतो, तेव्हा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला तक्ता बघा. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे सेन्सर मुठीत धरल्यावर रेझिस्टन्स सावकाश, न अडखळता उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर तो सेन्सर बदला.

तिसरी, गॅसची. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. सिस्टिम सगळीकडून सीलबंद असते. गॅस बराच कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती आधी शोधायची. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅस किती ग्रॅम हे लिहिलेलं असतं. त्याहून जास्त भरला तर प्रेशर वाढतं आणि गारवा उलट कमी होतो. 'कधी गोठवतं, कधी उकडतं' अशी तक्रार असेल तर गॅसच्या आधी केबिनचा सेन्सर बघा. स्टिअरिंगजवळ किंवा एसीच्या बटणांपाशी बोटाच्या पेराएवढी जाळी असते, तिच्यामागे तो असतो. छोटा पंखा किंवा नळी त्याच्यावरून केबिनची हवा ओढत असते. ब्लोअर चालू करून जाळीवर पातळ कागदाचा चिटोरा धरा, तो चिकटला पाहिजे. उसाच्या हंगामात चिकोडी-रायबागकडच्या गाड्यांत ही जाळी धुळीने बुजलेली मी नेहमी बघतो. नवी टचस्क्रीन बसवताना मागची नळी निघून तशीच राहिलेलीही सापडते. मग सेन्सर डॅशबोर्डच्या आतली तापलेली हवा मोजत बसतो आणि गाडी माणसांना गारठवते. डॅशबोर्डवर काचेजवळ बटणाएवढा काळा घुमट असेल तर तो उन्हाचा सेन्सर. त्याच्यावर चादर किंवा मूर्ती आली असेल तर थोडी बाजूला सरकवा.

आता रेझिस्टर. कुलिंग कॉइलचा सेन्सर मुख्यतः एका कामासाठी आहे: कॉइल गोठायच्या बेतात आली, म्हणजे साधारण १ ते ४ अंशांवर, की कॉम्प्रेसर थांबवणं. त्या जागी ठरावीक रेझिस्टर लावला की कंट्रोलरला कॉइल कायम उबदार वाटते आणि तो कॉम्प्रेसर थांबवतच नाही. पहिला अर्धा तास मस्त गार. पुढे अथणीच्या वाटेवर कुठेतरी ब्लोअरचा आवाज तोच, पण हवा येईनाशी होते, कारण कॉइलवर बर्फाचा थर बसलेला असतो. चहाला वीस मिनिटं थांबलात की गाडीखाली पाण्याचं थारोळं, आणि हवा पुन्हा सुरू. बर्फाने झाकलेल्या कॉइलमध्ये गॅसची पुरती वाफ होत नाही. तो द्रवरूपातच कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि कॉम्प्रेसर द्रव दाबायला बनवलेला नाही. गॅस थोडा कमी असला तरी कॉइल गोठू शकते, हेही खरं. म्हणून गॅसचं प्रेशर दाखवणारा गेज आणि सेन्सर दोन्ही बघायचे.

ज्यांनी रेझिस्टर आधीच लावून घेतलाय त्यांनी हवा कमी झाली की लगेच एसी बंद करून नुसता ब्लोअर जोरात चालू ठेवावा, दहा-पंधरा मिनिटांत बर्फ वितळतो. मग खरा सेन्सर बसवून घ्या, आणि बसवताना समोर उभे राहा. त्याची सुई कॉइलच्या पात्यांत पहिल्याची होती तेवढीच खोल आणि त्याच ठिकाणी रोवली पाहिजे. जुनं भोक सैल झालं असेल तर लगतच्या पात्यांत रोवा. कॉइलच्या पेटीत नुसता लोंबकळत सोडलेला नवा सेन्सर गरम हवाच मोजणार, आणि कॉइल पुन्हा गोठणार.