क्रम चुकलेले पॅकेट फेकून दिले जात नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि हिंजवडीत काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून येणारा माहितीचा तुकडा, क्रम सोडून आले की ऑपरेटिंग सिस्टीम ते फेकून देते आणि तिथून पुढचे सगळे नव्याने मागवते, क्रम चुकला म्हणजे लाइन खराब आहे, आणि ‘सॅक’ (कोणते तुकडे मिळाले ते निवडून कळवण्याची सोय) बंद केल्याने वेग वाढतो, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत. तिसऱ्याने तर प्रत्यक्ष नुकसान होते.

टीसीपी या इंटरनेटवर माहिती क्रमाने आणि खात्रीने पोहोचवणाऱ्या नियमसंचात प्रत्येक बाइटला ३२ बिटांचा अनुक्रमांक असतो. समजा, १ ते १००० बाइट आले आणि १००१ ते २००० वाटेत असतानाच २००१ ते ३००० येऊन पोहोचले, तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) हा पुढचा तुकडा वेगळ्या रांगेत राखून ठेवतो आणि ‘मला १००१ पासून हवे’ अशी पोच (मिळाल्याची पावती) पाठवतो. मधला तुकडा आला की दोन्ही एकदम ॲप्लिकेशनच्या हाती पडतात. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचा तिसरा, गुरुजी तालमीचा गणपती मानाच्या दुसऱ्या तांबडी जोगेश्वरीच्या आधी चौकात आला, तर त्याला कोणी मांडवात परत पाठवणार नाही, तो थांबेल. इथेही तसेच घडते. लिनक्सने २०१६ च्या ४.९ आवृत्तीत या रांगेसाठी रेड-ब्लॅक ट्री (माहिती क्रमाने लावून ठेवणारी झाडासारखी रचना) आणला, तो हजारो तुकडे साठले तरी नव्या तुकड्याची जागा चटकन सापडावी म्हणून. बफरची (आलेले तुकडे तात्पुरते ठेवण्याच्या जागेची) मेमरी संपत आली तर ही रांग रिकामी केली जाऊ शकते हे खरे, पण तो नाइलाजाचा उपाय आहे.

दुसऱ्या विधानामागचा अनुभव मात्र खोटा नाही, कारण क्रम चुकल्यावर वेग कधी कधी खरोखर घटतो. त्याचे कारण पाठवणाऱ्याच्या अंदाजात आहे. तीच पोच आणखी तीनदा आली की पॅकेट हरवले असे जुन्या पद्धतीत गृहीत धरले जाते, ते पुन्हा पाठवले जाते आणि वेगही कमी केला जातो. वास्तविक पॅकेट निराळ्या मार्गाने किंवा राउटरमधल्या निराळ्या रांगेतून येत असते, आणि लाइन धडधाकट असते. म्हणूनच २०२१ मध्ये प्रमाणित झालेली ‘रॅक’ ही पद्धत पोचा मोजण्याऐवजी वेळ पाहते, आणि क्रम चुकतो आहे असे दिसल्यास साधारण किमान फेरीवेळेच्या (पॅकेट जाऊन त्याची पोच परत येण्याच्या वेळेच्या) पाव भागाइतकी वाट पाहते.

आता सॅक. १९९६ पासून प्रमाणित असलेल्या या सोयीमुळे ‘१००१ पासून हवे, पण २००१ ते ३००० माझ्याकडे आहे’ असे सांगता येते. ती बंद केली की पाठवणाऱ्याला फक्त पहिली खाच कळते, आणि अनेक पॅकेटे हरवली असल्यास ती भरून काढायला कितीतरी जास्त फेऱ्या लागतात. सॅक बंद करण्याचा सल्ला जून २०१९ मध्ये दिला गेला होता, पण तो लिनक्समधल्या एका सुरक्षा-त्रुटीवर, दुरुस्त कर्नल बसवेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून. वेगाशी त्याचा संबंध नव्हता. संदेश वाचून ज्यांनी ही सोय बंद केली आहे, त्यांनी कर्नल अद्ययावत असल्याची खात्री करून ती पुन्हा चालू करावी.