एका व्होल्टावर काय होतं?

मी पडवीत बसून एक लांबलचक खर्ज लावला होता, आणि शेजारच्या काकांना वाटलं आमचा विहिरीवरचा पंप बिघडला. काका सरळ येताना वायरमनच घेऊन आले.

"बेअरिंग गेला तुझा," काका पायरीवरूनच म्हणाले.

"काका, पंप नाही. सिंथेसायझर आहे. मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग केबलींनी जोडलेला."

"होय रे, पण बेअरिंग असतलाच ना?"

वायरमनचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो ते भाग बसवलेल्या केसपुढे उकिडवा बसून रंगीबेरंगी केबली न्याहाळत होता.

"ह्या वायरिंग कोणी केल्यान?"

"मी."

"दिसताच. फेज खंयचो?"

मी उत्साहाने सांगितलं की यात फेज वगैरे नाही, कंट्रोल व्होल्टेज आहे. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर चढतो.

"एक व्होल्ट?" त्याने काकांकडे पाहिलं. "एका व्होल्टार मोबाइलय चार्ज होवचो नाय."

काका भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे संगीताचा मुद्दा त्यांच्याकडे होता. "माज्या पेटीक साडेतीन सप्तकां आसत. वायर एकय नाय."

यावर मी काय बोलणार? मी बोलायच्या आत वायरमनने 'लूज कनेक्शन' म्हणत केबली उपटायला सुरुवात केली होती. एकेक करून सगळ्या. मग रंगांप्रमाणे जुड्या बांधून वर इन्सुलेशन टेप गुंडाळली. "बघा, बंद झालो आवाज." अॅनालॉग मॉड्युलरमध्ये जुळवलेला पॅच, म्हणजे केबलींची मांडणी, सेव्ह करायचं बटण नसतं हो! तो खर्ज गेला तो गेलाच. वर व्हिजिट चार्ज दोनशे रुपये. काकांनी बोलावल्यामुळे सवलतीत.

'एवढ्या वायरींत पैसे घालवतोस' हा टोमणा मिळाला तो वेगळाच. हे बोलणं मला जास्त लागलं, कारण या खेळात मी अत्यंत चिकट माणूस आहे. १९९५ साली जर्मनीच्या डॉप्फर कंपनीने ए-१०० ही मॉड्युलर मालिका काढली, तिच्यावरून युरोरॅकचं, म्हणजे अशा सुट्या मॉड्यूल्सचं, माप ठरलं: उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८च्या पटीत. माप एकच, त्यामुळे कोणाचंही मॉड्यूल कोणाच्याही शेजारी बसतं, आणि गरिबाचं फावतं. डॉप्फरची साधी मॉड्यूल्स दिसायला सरकारी कार्यालयातल्या कपाटासारखी, पण कामाला चोख. बेरिंगर कंपनीने जुन्या रोलँड सिस्टिम-१००एम सिंथेसायझरच्या स्वस्त नकला काढल्या, त्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. आवाज बरा आहे, मी घेतो. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या एमिली जिले यांनी तर आपले आराखडेच खुले ठेवले. २०२२मध्ये कंपनीचं काम थांबलं, तरी त्यांच्या 'प्लेट्स' या मॉड्यूलच्या भावंडांची पैदास चालूच आहे.

नवशिके मात्र भारीतला ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं मॉड्यूल, घेतात आणि आवाज कमीजास्त करणारा व्हीसीए घ्यायला विसरतात. मग त्या ऑसिलेटरचं तोंड बंद कशाने करणार? पैसे घालायचे ते व्हीसीए, मिक्सर, सिग्नल कमी करणारा अॅटेन्युएटर अशा बिनचेहऱ्याच्या मॉड्यूल्सवर. ती चमकत नाहीत, म्हणून फोटोत येत नाहीत, म्हणून कोणी घेत नाही. ज्याला तेही परवडत नाही त्याने लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलरचं सॉफ्टवेअर घ्यावं, फुकट मिळतं.

पण स्वस्त म्हणजे तिकडे स्वस्त. इकडे येईपर्यंत टपालखर्च, कस्टम ड्यूटी आणि कुरियरवाल्याचं 'हाताळणी शुल्क' चिकटतं. तो हाताळतो काय, तर पार्सल आपटतो. त्यावर आमची खारी हवा. पावसाळा संपेपर्यंत जॅक हिरवट पडतात, नॉब फिरवला की आधी खरखर, मग सूर. लाईट जाऊन आली की ऑसिलेटर पुन्हा तापेपर्यंत सुरात येत नाही, आणि आमच्याकडे तो तापेपर्यंत लाईट परत जाते. जर्मनीतल्या माणसाने हे गणित कुठे केलंय?

केबलींवरचा टेपचा चिकटा अजून निघत नाही. रॉकेलने निघतो म्हणतात, पण रॉकेल आता मिळतं कुठे? काकांना विचारलं तर म्हणाले, "वायरमनाक इचार."